स्वप्नात गाठून विचारायचं होतं

ताईनेच मला जागं राहायला शिकवलं आणि दोन वर्षं मला अंधारात ठेवलं तेही तिनेच. वाक्य जरा नाटकी झालंय, मला कळतंय. पण मी ते खोडणार नाही. चुकीचं असतं तर खोडलं असतं. चुका खोडण्याचाच मला पगार मिळतो.

वागळे इस्टेटमध्ये औषधांची खोकी छापणारा एक कारखाना आहे, तिथे मी तपासनीस आहे. गोळ्यांचं नाव, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, संपण्याची तारीख, सगळं छापायच्या आधी आणि छापल्यावर वाचायचं. आम्ही दोघी-दोघी काम करतो. एक मोठ्याने वाचते, दुसरी कागदावर बोट ठेवून बघते. एकटीने वाचलं की चूक सुटते, कारण डोळे जे असायला हवं तेच वाचतात. हे मला कामावर पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. घरी वापरायचं मात्र सुचलं नाही.

त्या दिवशी, एका बुधवारी, आई डोंबिवलीच्या हॉस्पिटलमध्ये होती. साखर वाढलेली, छातीत थोडं पाणी झालेलं. चौथा दिवस होता आणि उद्या सोडतो असं डॉक्टर म्हणाले होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली; आई ताईकडे डोंबिवलीत राहायची, मी ठाण्यात एकटी. त्यामुळे हॉस्पिटलात दिवसभर ताई आणि कामावरून सुटल्यावर मी, अशी आमची वाटणी होती. पॅकिंग हॉलमध्ये फोन नेता येत नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सव्वाचारला चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर पाच मिस्ड कॉल. पाचही वेळा स्क्रीनवर एकच शब्द: आई. खाली भावजींचा मेसेज होता, लवकर निघ.

मी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते आणि आई गेलेली होती. ताई कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेली. मी तिच्यासमोर फोन धरला आणि ओरडलेच, "तिने मला पाच वेळा फोन केला ताई! पाच वेळा! मला काहीतरी सांगायचं होतं ना तिला?"

ताईने स्क्रीनकडे बघितलं. मग मला जवळ ओढलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हो गं."

हे "हो गं" मी पुढे दोन वर्षं उराशी धरून बसले.

आमची आई साध्या बटणांचा फोन वापरायची. एक दाबला की ताई, दोन दाबला की मी, असं ताईने लावून दिलं होतं. आणि तिची जुनी खोड म्हणजे ती कधी पूर्ण फोन करायचीच नाही. एक रिंग द्यायची आणि ठेवायची. मग आम्ही उलटा करायचा. महिनाभर कितीही बोला असे पॅक आले, मी तिला शंभरदा समजावलं, तरी तिचं आपलं एक रिंग आणि कट. "तू कामात असशील तर कशाला उगाच," असं तिचं म्हणणं. शाळेत खिचडी शिजवायचं काम तिने केलं, दोनशे पोरांचं जेवण वेळेवर गेलं पाहिजे या धाकात तिची निम्मी जिंदगी गेली. त्यामुळे दुसऱ्याच्या कामाची तिला भारी किंमत होती. अशी बाई पाच वेळा फोन करते म्हणजे तिला केवढं काय सांगायचं असेल! मला दुसरं काही सुचतच नव्हतं. काय सांगायचं होतं तिला?

ताईला मी तेरा दिवसांत तेरा वेळा विचारलं असेल. ती दरवेळी तेच म्हणाली, "मी बाजूलाच होते गं. पण मला नाही बोलली काही. तुझ्याशीच बोलायचं होतं तिला."

कामावरच्या बायका भेटायला आल्या, त्यातल्या एकीने सवयीने विचारलं, "कावळा शिवला का लगेच?" आमच्यात पिंड नसतो, कावळा नसतो. आम्ही बौद्ध. पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पांढऱ्या साड्यांतल्या बायका रडल्या, जेवणं झाली. मेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली हे विचारायची आमच्यात सोय नाही. आत्माच मानत नाही, तर विचारणार कोणाला? लहानपणापासून मला या गोष्टीचा अभिमान होता. तेव्हा पहिल्यांदा मला त्या बाईच्या कावळ्याचा हेवा वाटला. निदान कोणाकडे तरी बघून "सांग, काय हवंय तुला" असं म्हणता येतं.

दोन महिन्यांनी, रविवारी मी ताईकडे गेलेले असताना पुन्हा तोच विषय काढला. ताई वैतागली असणार. मला तेव्हा तसं वाटलं नाही. ती म्हणाली, "हे बघ, मला विचारून काय उपयोग? तू तिलाच विचार."

"कसं विचारू?"

"स्वप्नात."

मला वाटलं चेष्टा करते. पण ताई दरवर्षी दहा दिवसांच्या शिबिराला जाते, मौन पाळते, श्वास बघते; अशा बाबतीत ती चेष्टा करत नाही. तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी तिला फोनवर काही दाखवलं होतं. स्वप्न चालू असताना "हे स्वप्न आहे" असं कळलं की माणूस आत जागा होतो, मग हवं तिथे जाता येतं, हवं त्याला भेटता येतं. पण ते रात्री शिकता येत नाही, दिवसा शिकावं लागतं. दिवसातून दहा-पंधरा वेळा थांबायचं आणि खरोखर विचारायचं, मी आत्ता जागी आहे की स्वप्नात? नुसतं तोंडाने म्हणायचं नाही, तपासायचं. नाक दाबून श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात दाबलेल्या नाकातूनही श्वास येतो म्हणे. हाताची बोटं मोजायची, स्वप्नात ती कमी-जास्त होतात. आणि कुठलंही लिहिलेलं वाचायचं, नजर वळवायची, परत वाचायचं. स्वप्नात अक्षरं बदलतात. दिवसा सवय लागली की तीच सवय एक दिवस स्वप्नात घुसते.

"तुला तर जमेलच," ताई म्हणाली. "दोनदा वाचायचं कामच आहे तुझं."

मी दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. आम्ही त्याला चेक मारणं म्हणायचो. ताई मला दर दोन-तीन तासांनी मेसेज टाकायची, "जागी आहेस?" मी थांबायचे, चेक मारायचे आणि उत्तर द्यायचे, "जागी." आईच्या माघारी आम्हा दोघींमध्ये एवढं सुंदर काही घडेल असं मला वाटलं नव्हतं. लहानपणी ताईचं आणि माझं फार जमायचं नाही, आठ वर्षांचं अंतर. आता ती दिवसातून पाच वेळा माझी आठवण काढत होती. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे.

नाक दाबण्यावरून माझी बरीच फजिती झाली. ठाण्यात शेअर रिक्षात मी नाक दाबलं की शेजारचा माणूस आपल्या शर्टाचा वास घेऊन बघायचा. कारखान्यात माझी जोडीदारीण म्हणाली, "अगं एवढा वास येत असेल तर सांग ना, मी सेंट बदलते." डोंबिवलीत मात्र काही अडचण नव्हती. एमआयडीसीच्या बाजूने वारा सुटला की तिथे सगळेच नाक दाबून चालतात. तिथे मी मनसोक्त चेक मारायचे. बोटं मोजताना एका भाजीवालीने मला पाच जुड्या बांधून दिल्या, मी त्या गुपचूप घेतल्या.

वाचायच्या चेकसाठी ताईने सांगितलं होतं की एकच ठरलेला मजकूर ठेव, पाठ असलेला, म्हणजे बदल लगेच कळेल. मी काय निवडावं? त्या पाच मिस्ड कॉलचा स्क्रीनशॉट. मी तो आधीच काढून ठेवला होता. दोन सत्तेचाळीस, दोन एकोणपन्नास, दोन अठ्ठावन्न, तीन दहा, तीन सव्वीस. दिवसातून दहा वेळा मी ते वाचायचे, खिडकीबाहेर बघायचे, परत वाचायचे. बदलले नाहीत, म्हणजे जागी आहे. असे मी ते आकडे काही हजार वेळा तपासले असतील. माझ्या अख्ख्या नोकरीत कुठलंच खोकं मी एवढ्या काळजीने तपासलेलं नाही.

मधल्या काळात माझी सुपरवायझरची बढती आली होती. ती मी नाकारली, कारण सुपरवायझर दिवसभर हॉलमध्ये असते आणि फोन लॉकरमध्ये राहतो. मी वरच्या मजल्यावर प्रूफ तपासायचं टेबल मागून घेतलं, जिथे फोन समोर ठेवता येतो. साहेबांनी विचारलं, आता कोणाचा फोन येणार आहे? ती जागा माझ्यानंतर लागलेल्या मुलीला मिळाली आणि ती चांगलं काम करते, हे मला आवडत नाही.

सरावाचा परिणाम हळूहळू झाला. आधी दिवस बदलले. इतक्या वेळा थांबून बघितल्यावर गोष्टी दिसायलाच लागतात. आमच्या जिन्यात बारा पायऱ्या आहेत आणि सातवी इतरांपेक्षा आखूड आहे, हे मला नऊ वर्षांनी कळलं. सातव्या महिन्यात पहिल्यांदा स्वप्नात कळलं की हे स्वप्न आहे. एका खोक्यावर "जेवणानंतर" असं छापलं होतं, परत बघितलं तर "जेवणाआधी." मला एवढा आनंद झाला की त्या आनंदानेच जाग आली. त्यानंतर तीन-चारदा जमलं. एकदा तर मी हॉस्पिटलच्या जिन्यापर्यंत पोचले, पण वर गेले तर प्रत्येक मजल्यावर औषधांचं दुकानच. आई कुठेच नाही. सकाळी ताईला फोन करून मी रडले. ती म्हणाली, "सोडू नको. जवळ आलीयस."

आणि मग एका रविवारी ताईनेच मला बसवून सांगितलं की आई तिच्या स्वप्नात आली होती.

"मला कळलं गं, हे स्वप्न आहे. सगळं एकदम स्पष्ट. मी तुझ्यासाठी विचारलं तिला. म्हटलं, आई, तू छोटीला फोन कशाला केलेलास?"

"मग?"

"म्हणाली, सहज केलेला. काही नाही म्हणावं तिला. नीट राहा म्हणावं."

मी खूप रडले. ताई पाठीवरून हात फिरवत होती. बरं वाटलं हे खरं आहे. पण घरी परत जाताना मला बरं वाटण्याच्या खाली दुसरंच काहीतरी बोचत होतं, आणि ते म्हणजे मत्सर. दीड वर्षं मी राबतेय आणि आई गेली ताईकडे? मेल्यावरही हिच्याच घरी? शिवाय "सहज" हा शब्द मला पटेना. सहज कोणी पाच वेळा फोन करत नाही. आईने नीट सांगितलं नसेल, ताईने नीट ऐकलं नसेल. मी सराव आणखी वाढवला.

आईच्या जुन्या रेशन कार्डावर माझंही नाव होतं. ते कार्ड ऑनलाइन करायचं निघालं तेव्हा आईचं नाव कमी करावं लागणार होतं आणि त्याला मृत्यूचा दाखला लागत होता. सगळे कागद ताईकडे. मी सुट्टी घेऊन डोंबिवलीला गेले तेव्हा ताई ऑफिसला गेलेली. भावजींनी कपाटातून अख्खी फाईलच काढून हातात दिली. "यात असेल बघ." मी ती घेऊन शिधावाटप कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. माझ्यापुढे चार जण होते. रांगेत उभ्या उभ्या मी फाईल चाळली. दाखल्याच्या मागे हॉस्पिटलचा कागद लावलेला होता. कधी दाखल केलं, काय औषधं दिली, आणि शेवटी हाताने लिहिलेली मृत्यूची वेळ.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटं.

मी वाचलं, रस्त्याकडे बघितलं, परत वाचलं. सवयच ती. दोन वीस. अक्षरं हलली नाहीत. मग फोन काढला आणि स्क्रीनशॉट उघडला. पहिला कॉल दोन सत्तेचाळीस.

माझ्या मागच्या बाईने विचारलं, "ताई, तुम्ही लायनीत आहात ना?" मी नाक दाबलं. श्वास आला नाही. बोटं मोजली, पाच. सगळे चेक मारून झाले. मी जागी होते, डोंबिवलीत होते, सकाळचे साडेअकरा वाजले होते, आणि माझ्या आईने मला फोन केलेला नव्हता.

हे कळायला हजार चेक लागले. सगळ्यांत जास्त राग मला याचाच आला, माझा स्वतःचा. पाच आकडे मी हजारो वेळा तपासले आणि ते बदलतायत का एवढंच बघितलं. ते दुसऱ्या कागदाशी जुळतायत का हे बघायला हवं होतं. कामावर पोरींना हेच तर शिकवते मी. खोक्यावरची तारीख खोक्याशी नाही, मूळ ऑर्डरशी ताडून बघायची. आणि स्क्रीनवर "आई" आलं म्हणून आईच बोलवतेय असं धरून चालले. नाव फोनचं होतं. फोन कोणाच्याही हातात असू शकतो.

झेरॉक्स काढली नाही. ताईच्या घरी जाऊन बसले. भावजी बाहेर निघून गेले, त्यांना काहीतरी कळलं असावं. ताई दोनला आली, शनिवार होता, अर्धा दिवस. तिने आल्या आल्या फ्रिजचा बर्फ काढायला घेतला. महिन्यातून एकदा ती फ्रिज बंद करून धुते. खाली फडकी पसरली, ट्रे बाहेर काढले. मी कागद ओट्यावर ठेवला.

"वाच," मी म्हटलं.

तिने वाचलं. तिने दोनदा वाचलं नाही, तिला गरज नव्हती.

"फोन तू केलेस ना? आईच्या फोनवरून?"

"माझा बंद पडलेला," ती म्हणाली. "चार्जिंग संपलेलं."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस? मी तुला विचारलं, आई फोन करत होती ना, तू हो म्हणालीस. तू हो म्हणालीस ताई!"

ती खाली बसली, ओल्या फडक्यांवरच. फ्रिजमधून बर्फाचा एक तुकडा सुटून ट्रेमध्ये पडला. मग ती बोलायला लागली ते थांबलीच नाही.

"मी नव्हते तिथे. चार दिवस मी हललेले नाही गं तिच्याजवळनं. त्या दिवशी तीच म्हणाली, जा, जरा खाली जाऊन ये, तोंड बघ कसं झालंय तुझं. मी खाली गेलेले. उसाचा रस प्यायले. मग तिथेच बाकड्यावर फोन बघत बसले. असंच काहीतरी, लोकांचे व्हिडिओ. फोन बंद पडेपर्यंत बसलेले मी. वर आले तर पडदा लावलेला. सिस्टर ओरडली, कुठे होता तुम्ही? मी तुला लावला, परत लावला. आणि तू आलीस ती ओरडतच आलीस की आईने मला फोन केले. मला एकदम वाटलं... म्हणजे तीन सव्वीसपर्यंत आई होती. आणि मी होते तिच्याजवळ. तू असं बोललीस आणि ते तसं झालं. मला ते हवं होतं गं. मी हो म्हणाले."

"आणि नंतर? दोन वर्षं?"

"नंतर कसं सांगू? तू तर वेडी झालेलीस त्या फोनपायी."

"म्हणून मला स्वप्नात पाठवलंस."

ती ट्रेमधला बर्फ फडक्यात गोळा करायला लागली.

"तुला माहीत होतं, तिथे काही नाहीये. मी विचारून विचारून तुझा जीव खात होते म्हणून तू मला कामाला लावलंस. दर दोन तासांनी विचारायचीस, जागी आहेस का म्हणून. लाज नाही वाटली? आणि ते तुझं स्वप्न? सहज केलेला म्हणे!"

"स्वप्न खरंच पडलेलं," ताई रडत म्हणाली. "आईशप्पथ."

यावर मी हसले. मला हसू आलं याचं अजून वाईट वाटतं, पण आलं. तिच्या स्वप्नाची तपासणी मी कुठून करणार होते?

मला तिचं कळलं नाही असं नाही. एक ग्लास रस आणि अर्धा तास मोबाईल, एवढ्यासाठी बाई जन्मभर जळत राहील. तिने मला तेव्हाच सांगितलं असतं तर मीच तिला कुशीत घेतलं असतं, शपथेवर सांगते. पण तिने स्वतःची जागा भरायला मला उभं केलं. ती तिथे नव्हती, ते ओझं तिने उचलून माझ्या डोक्यावर ठेवलं आणि वर रोज मेसेज करून विचारलं की नीट उचललंयस ना. मी बढती सोडली. मी दोन वर्षं स्वतःला सांगत राहिले की आई हाका मारत मेली आणि मी खोक्यांवरच्या तारखा वाचत होते. हे ती बघत होती. दर रविवारी मला वरण-भात वाढत बघत होती. मी तिला माफ केलेलं नाही. करीन की नाही, माहीत नाही, आणि कोणी मला करायला सांगू नये.

निघताना दारात मी एकच गोष्ट विचारली. "त्या दिवशी सकाळी आई काय बोलली? खरं सांग. माझ्याबद्दल काही?"

ताई दाराला धरून उभी होती. आता खोटं बोलायचं तिच्यात त्राण उरलं नव्हतं, हे मला दिसत होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "काहीच नाही. पेपर मागितला. चहा नको म्हणाली. जरा पडली. फोन होता तिच्या उशाशीच."

तेव्हापासून तिचे मेसेज येतात, मी उत्तर देत नाही. स्क्रीनशॉट पुसून टाकला. चेक मारणं मात्र सुटलं नाही. सवय लागली की लागली. मी ठरवून सोडलं तरी हात आपोआप नाकाकडे जातो.

आणि मग, मला नको असताना, ते जमलं. रविवार होता, डोंबिवलीला जायचं नव्हतं, जेवून दुपारी आडवी झाले. मी शाळेच्या मागच्या शेडमध्ये होते, जिथे आई खिचडी शिजवायची. भिंतीवर फळा होता आणि त्यावर आजचा वार लिहिलेला. सोमवार. मी नजर वळवली, परत बघितलं. गुरुवार. मला कळलं. मी घाबरले नाही, आनंदाने उडालेही नाही, म्हणून स्वप्न मोडलं नाही. सगळं स्थिर होतं, दुपारपेक्षाही स्पष्ट. मोठं पातेलं, वाफ, तांदळाची रिकामी गोणी. आई पाठमोरी उभी होती आणि मोठ्या उलथन्याने खालून ढवळत होती.

मी "आई" म्हटलं आणि ती वळली. तिचा चेहरा हॉस्पिटलातला नव्हता, आधीचा होता. दोन वर्षं मी ज्या क्षणासाठी नाक दाबत फिरले तो माझ्यासमोर उभा होता, आणि माझ्याकडे विचारायला प्रश्नच नव्हता. कशाला फोन केलेलास हे कोणाला विचारू? तिने केलाच नव्हता. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते मला आधी माहीत नव्हतं.

"फोन उशाशी होता ना," मी म्हटलं. "मग मला का नाही केलास?"

आईने उलथनं पातेल्याच्या काठाला टेकवलं. पदराला हात पुसले आणि विचार करायला लागली, अगदी मनापासून, जणू तिलाही आठवायचं होतं. मी वाट बघितली. स्वप्नातल्या आईजवळ तेवढंच असतं जेवढं माझ्याजवळ आहे, आणि माझ्याजवळ याचं उत्तर नव्हतं. हे मला तिथे उभी असतानाही स्वच्छ कळत होतं. तरी मी तिला परत विचारलं.